आभासी संगणकाची डिस्क लहान करणे : बूट न बिघडवता अवलंबावयाची कार्यपद्धती

प्रस्तावना

हैदराबाद शहरातील अमीरपेट हा भाग गेली अनेक वर्षे संगणक प्रशिक्षण संस्थांसाठी देशभर ओळखला जातो. जावा, ओरॅकल, सॅप, हडूप आणि अलीकडे क्लाउड असे विषय शिकण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी येथे येतात. त्यांत मराठवाड्यातील विद्यार्थीही असतात. अशा विषयांच्या अध्यापनात एक साधन नेहमी वापरले जाते, ते म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात आभासी संगणक. शिक्षक एकदा सर्व सॉफ्टवेअर बसवून, जुळवून ठेवतो आणि तो संपूर्ण संगणक एका मोठ्या फाइलच्या रूपात विद्यार्थ्यांना देतो. हडूपच्या अभ्यासासाठी क्लाउडेरा या कंपनीने काही वर्षे क्विकस्टार्ट नावाचा असा तयार आभासी संगणक वितरित केला होता. आता तो बंद झाला असला तरी पद्धत मात्र रूढ झाली आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था ज्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात सहभागी आहे, त्यातील आभासी प्रयोगशाळा ही वेगळी गोष्ट होय. तेथे विद्यार्थी ब्राउझरमधून दूरच्या सर्व्हरवरील प्रयोग करतो. प्रस्तुत लेखातील आभासी संगणक हा महाविद्यालयाच्या स्वतःच्या संगणकावर चालणारा, संपूर्ण कार्यप्रणाली असलेला संगणक आहे.

सामुदायिक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे साधन विशेष उपयोगी पडते. संगणक जुने असतात, त्यांची संख्या कमी असते आणि एकाच प्रयोगशाळेत दोन-तीन अभ्यासक्रम चालतात. आभासी संगणकामुळे प्रत्येक अभ्यासक्रमाला स्वतंत्र संगणक मिळतो आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम बिघडत नाही. परंतु वर्ष-दोन वर्षांच्या वापरानंतर या फाइलचा आकार फुगतो. ती पेनड्राइव्हवर मावत नाही, नेटवर्कवरून पाठवण्यास तास लागतात. शिक्षक ती लहान करायला घेतो आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी तो संगणक सुरूच होत नाही. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली असेल तर संपूर्ण तुकडीचा सराव थांबतो. हा बिघाड का होतो आणि तो कसा टाळावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डिस्कचे दोन आकार

आभासी डिस्कला दोन आकार असतात आणि बहुतेक गोंधळ या दोहोंतील फरक न ओळखल्याने होतो. पहिला आकार म्हणजे आतील संगणकाला दिसणारा, समजा ८० जीबी. दुसरा म्हणजे यजमान संगणकावर त्या फाइलने प्रत्यक्षात व्यापलेली जागा. वाढत जाणाऱ्या प्रकारची डिस्क निवडली असेल तर सुरुवातीला ही फाइल लहान असते आणि आत जसजसे लेखन होते तसतशी ती मोठी होते.

ती मोठी होते. पण आपोआप लहान होत नाही. याचे कारण फाइल पुसण्याच्या पद्धतीत आहे. आतील संगणकात एखादी फाइल पुसली की फाइल सिस्टीम तिच्या जागेवर ‘ही जागा मोकळी’ एवढीच नोंद करते. त्या जागेतील जुना मजकूर तसाच राहतो. बाहेरच्या सॉफ्टवेअरला ही आतील नोंद वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने तेथे अजूनही माहिती आहे. म्हणून आत केवळ ९ जीबी वापरात असताना बाहेरची फाइल ४६ जीबींची झालेली आढळते.

हा फरक किती महाग पडतो ते साध्या गणिताने दिसते. १०० मेगाबिट क्षमतेच्या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट जातात. ४६ जीबींची फाइल पाठवण्यास सुमारे एक तास लागतो; ३० संगणकांवर एकामागून एक पाठवायची झाल्यास तीस तासांहून अधिक. हीच फाइल १० जीबींची झाली तर एका संगणकाला साधारण तेरा-चौदा मिनिटे पुरतात आणि सर्व प्रयोगशाळा सात तासांच्या आत तयार होते.

पहिला मार्ग : केवळ फाइल लहान करणे

बहुसंख्य शिक्षकांची गरज ही फाइल लहान करण्याचीच असते. आतील डिस्क ८० जीबींची राहिली तरी काही बिघडत नाही. या मार्गात डिस्कवरील कोणत्याही गोष्टीची जागा बदलत नाही, म्हणून बूट बिघडण्याचा धोका जवळजवळ नसतो. प्रथम हाच मार्ग तपासावा.

कृती दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात आतील मोकळ्या जागेत शून्ये भरावीत. लिनक्समध्ये ‘झिरोफ्री’ हा प्रोग्राम ईएक्सटी प्रकारच्या फाइल सिस्टीमवर हे काम करतो. त्यासाठी ती फाइल सिस्टीम केवळ वाचनासाठी जोडलेली असावी लागते. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘एसडिलीट’ हा प्रोग्राम ‘झेड’ या पर्यायासह वापरतात. दुसऱ्या टप्प्यात आभासी संगणक बंद करून बाहेरच्या सॉफ्टवेअरला ती शून्ये गाळण्यास सांगावे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘व्हीबॉक्समॅनेज’ या आज्ञेचा ‘कॉम्पॅक्ट’ पर्याय व्हीडीआय प्रकारच्या डिस्कसाठी हे काम करतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये डिस्क स्वच्छ करण्याची सोय मेनूतच आहे. क्यूईएमयू वापरणाऱ्यांनी डिस्कचे नव्या क्यूकाउ-२ फाइलमध्ये रूपांतर केले की शून्यांचे भाग आपोआप गळतात.

या मार्गात तीन सावधगिरी बाळगाव्यात. एक, शून्ये भरताना फाइल तात्पुरती तिच्या पूर्ण आकारापर्यंत फुगू शकते. वरील उदाहरणात यजमान संगणकावर ८० जीबी मावतील एवढी जागा आधीच हवी. दोन, स्नॅपशॉट घेतलेले असतील तर ते प्रथम विलीन करावेत. अन्यथा शून्ये नव्या स्नॅपशॉटच्या फाइलमध्ये जातात आणि मूळ फाइल तशीच राहते. तीन, पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबींची किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबींचा का असेना. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा, अथवा फाइलचे तुकडे करून द्यावेत.

डिस्क खरोखर लहान करण्याची गरज

काही प्रसंगी मात्र आतील आकारच कमी करावा लागतो. पूर्ण जागा आधीच राखून ठेवणाऱ्या प्रकारची डिस्क असेल, आभासी संगणक एखाद्या लहान खऱ्या एसएसडीवर उतरवायचा असेल, किंवा तो क्लाउडवर चालत असेल, असे हे प्रसंग होत.

यातील तिसरा प्रसंग आता हैदराबादशी थेट संबंधित आहे. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने मुंबईनंतरचे भारतातील आपले दुसरे क्लाउड केंद्र २२ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबाद येथे सुरू केले. अशा सेवेत डिस्कचे भाडे आत किती माहिती आहे यावर ठरत नाही. किती जीबी मागून घेतले त्यावर ठरते. ८० जीबींची डिस्क घेतली आणि ९ जीबी वापरले तरी आकारणी ८० चीच होते. डिस्क मोठी करण्याची सोय तेथे आहे, पण लहान करण्याची नाही. तिच्या स्नॅपशॉटवरून नवी डिस्क बनवली तरी ती मूळ आकारापेक्षा लहान बनवता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझुरमध्येही डिस्क लहान करता येत नाही. म्हणजे एका घाईच्या दिवशी फॉर्ममध्ये भरलेला आकडा महाविद्यालय दर महिन्याला फेडत राहते. त्यातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग असतो : नवी लहान डिस्क घेणे, तीवर सर्व काही नेणे आणि ती बूट होईल असे करणे.

संगणक सुरू होताना काय घडते

बूट का बिघडते हे समजण्यासाठी संगणक सुरू होण्याची साखळी डोळ्यांसमोर असली पाहिजे. जुन्या, म्हणजे एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातील सुरुवातीच्या ४४६ बाइटमध्ये बूटचा छोटा प्रोग्राम आणि डिस्कची ओळखखूण असते. पुढील ६४ बाइटमध्ये पार्टिशनचा तक्ता असतो. प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी. शेवटचे २ बाइट ही ‘येथून बूट करता येते’ अशी निशाणी होय. लिनक्समधील ग्रब या बूटलोडरचा पुढचा भाग या पहिल्या सेक्टरनंतर आणि पहिल्या पार्टिशनच्या आधी असलेल्या रिकाम्या पट्टीत बसतो. आजकाल पहिले पार्टिशन बहुधा २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते, म्हणून ही पट्टी सुमारे एक मेगाबाइटची असते. ती कोणत्याही पार्टिशनमध्ये नसल्याने फाइली कॉपी करताना ती कधीच सोबत येत नाही. ‘सर्व फाइली नव्या डिस्कवर आहेत, तरी संगणक सुरू होत नाही’ या तक्रारीचे हे पहिले कारण.

दुसरे कारण ओळखक्रमांकाचे आहे. प्रत्येक फाइल सिस्टीमला यूयूआयडी नावाचा लांबलचक क्रमांक असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये आणि ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये हाच क्रमांक लिहिलेला असतो. नव्या डिस्कवर फाइल सिस्टीम नव्याने बनवली की क्रमांक बदलतो आणि संगणक जुन्या क्रमांकाची वाट पाहत राहतो. विंडोज एमबीआर डिस्कच्या बाबतीत डिस्कची ओळखखूण आणि पार्टिशन कोठून सुरू होते याची नोंद ठेवते. या दोहोंपैकी काहीही बदलले तरी तिला आपली डिस्क सापडत नाही.

तिसरे कारण नव्या, म्हणजे जीपीटी पद्धतीच्या डिस्कचे आहे. येथे पार्टिशनचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला असतोच, शिवाय त्याची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरांमध्ये ठेवलेली असते. डिस्कचे शेपूट कापले की ही प्रत जाते. एवढेच नव्हे, तर सुरुवातीच्या तक्त्यात डिस्कचा जुना शेवट लिहिलेला राहतो. लिनक्स कर्नेलला तक्त्यातील शेवट प्रत्यक्ष डिस्कच्या बाहेर दिसला की तो संपूर्ण तक्ता अवैध ठरवतो. पार्टिशन जागच्या जागी असूनही मग एकही दिसत नाही.

दुसरा मार्ग : आधी सामान, मग भिंत, शेवटी जागा

डिस्क लहान करण्याचा क्रम एका घरगुती दृष्टांताने लक्षात ठेवता येतो. मोठ्या खोलीचा मागचा भाग विकायचा आहे. प्रथम सामान पुढच्या भागात आणावे लागते, मग मधली भिंत पुढे सरकवावी लागते आणि त्यानंतरच मागची जागा दुसऱ्याला देता येते. सामान म्हणजे फाइल सिस्टीम, भिंत म्हणजे पार्टिशनची हद्द आणि जागा म्हणजे डिस्क. डिस्क मोठी करताना क्रम नेमका उलट असतो. मोठे करण्याची सवय असलेल्या माणसाच्या हातून लहान करताना चूक होते, ती यामुळेच.

समजा, ८० जीबींच्या एमबीआर डिस्कवर ईएक्सटी-४ पद्धतीचे एकच मोठे पार्टिशन असून ते २२ जीबींच्या डिस्कवर आणायचे आहे. कृती पुढीलप्रमाणे करावी.

१. आभासी संगणक रीतसर बंद करावा. ‘स्थिती जतन करून’ बंद केलेला संगणक चालणार नाही. विंडोजमध्ये हायबरनेशन व जलद सुरुवात या सोयी आधी बंद कराव्यात.

२. स्नॅपशॉट विलीन करून संपूर्ण फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि ती प्रत एकदा सुरू करून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

३. पार्टिशनची सुरुवात, शेवट आणि यूयूआयडी कागदावर लिहून घ्यावेत.

४. आभासी संगणक जीपार्टेड लाइव्ह किंवा तत्सम सीडीच्या आयएसओ फाइलवरून सुरू करावा. ईएक्सटी-४ फाइल सिस्टीम वापरात असताना लहान होत नाही. तिला बाहेरूनच हात लावावा लागतो.

५. फाइल सिस्टीमची पूर्ण तपासणी करून ती १८ जीबींपर्यंत लहान करावी. हवे त्यापेक्षा थोडे कमी ठेवणे हेतुपुरस्सर आहे.

६. पार्टिशन २० जीबींचे करावे. केवळ शेवट बदलावा. सुरुवातीचा सेक्टर तोच राहिला पाहिजे. जीपार्टेड पाचवी व सहावी पायरी योग्य क्रमाने एकत्रच करते, म्हणून नवशिक्यांसाठी ते अधिक सुरक्षित आहे.

७. २२ जीबींची नवी डिस्क बनवून मूळ डिस्कचा सुरुवातीचा तेवढाच भाग तीवर जसाच्या तसा उतरवावा. यात पहिला सेक्टर, रिकामी पट्टी आणि यूयूआयडी हे सर्व आपोआप येते, म्हणून ग्रब पुन्हा बसवावे लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्स अस्तित्वात असलेली डिस्क लहान करत नाही. तेथे नवी डिस्क हाच उपाय आहे. ‘डीडी’ या आज्ञेने उतरवताना कोणती डिस्क वाचायची व कोणतीवर लिहायचे याची अदलाबदल झाली तर मूळ डिस्कच पुसली जाते. म्हणून दोन्ही डिस्कचे आकार पाहून ओळख पटवावी.

८. मूळ डिस्क काढून ठेवावी आणि नवी डिस्क त्याच प्रकारच्या कंट्रोलरला, त्याच क्रमांकावर जोडावी. एकाच यूयूआयडीच्या दोन डिस्क एका वेळी जोडलेल्या असणे धोक्याचे असते. कोणती वापरली जाईल याची खात्री राहत नाही.

९. संगणक सुरू झाल्यावर फाइल सिस्टीम वाढवून पार्टिशनच्या हद्दीपर्यंत आणावी. वाढवण्याचे काम संगणक चालू असतानाही होते.

पाचव्या व सहाव्या पायरीत मोकळी सोडलेली जागा वाया गेलेली नसते. काही प्रोग्राम एक जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट धरतात, तर काही १,०७,३७,४१,८२४ बाइट. दोहोंत सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. २० जीबींवर हा फरक जवळजवळ दीड जीबींचा होतो. फाइल सिस्टीम एका मापाने आणि पार्टिशन दुसऱ्या मापाने कापले तर शेवटच्या दीड जीबींतील माहिती भिंतीपलीकडे राहते. मधली मोकळी जागा हे अंतर पचवते.

डिस्क जीपीटी पद्धतीची असेल तर सातव्या पायरीनंतर, संगणक सुरू करण्यापूर्वी, ‘जीडिस्क’सारख्या प्रोग्रामने तक्ता नव्या शेवटाशी जुळवून पुन्हा लिहावा. यूईएफआय पद्धतीच्या संगणकात बूटलोडर एका छोट्या स्वतंत्र पार्टिशनमध्ये असतो. ते पार्टिशन बहुधा सुरुवातीलाच असल्याने त्याला धक्का लागत नाही. लिनक्स यजमानावर ‘व्हर्ट-रिसाइझ’ हा प्रोग्रामही उपलब्ध आहे. तो मूळ डिस्कला हात न लावता नव्या डिस्कवर नवा तक्ता बनवून प्रत उतरवतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र लहान करताना आतील फाइल सिस्टीम आधी लहान केलेली असावी लागते.

विशेष प्रसंग

मोठ्या पार्टिशनच्या मागे स्वॅप पार्टिशन असते, तेव्हा ते आधी काढून शेवटी नव्याने बनवावे लागते. त्याचा यूयूआयडी बदलतो. एफएसटॅबमध्ये नवा क्रमांक न लिहिल्यास संगणक सुरू होतो, पण जुन्या स्वॅपची वाट पाहत सुमारे दीड मिनिट थांबतो. शिक्षकाला वाटते की काहीतरी मोठे बिघडले. प्रत्यक्षात एक ओळ सुधारणे पुरेसे असते.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने २०१४ मधील सातव्या आवृत्तीपासून एक्सएफएस ही फाइल सिस्टीम मूळ निवड म्हणून स्वीकारली. रॉकी व अल्मा या तिच्याशी जुळत्या प्रणालींतही तीच असते. एक्सएफएस मोठी होते, परंतु वरीलप्रमाणे लहान करता येत नाही. तेथे नवी फाइल सिस्टीम बनवून फाइली कॉपी करणे, एफएसटॅबमधील क्रमांक बदलणे आणि ग्रब पुन्हा बसवणे अपरिहार्य असते. क्लाउडवरील डिस्क लहान करतानाही बहुधा हीच रीत वापरावी लागते.

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन लहान करता येते. पण पेजिंग फाइल व हायबरनेशन फाइल यांसारख्या न हलणाऱ्या फाइली जेथे असतील तेथेच ती थांबते. या फाइली तात्पुरत्या बंद करून संगणक पुन्हा सुरू केल्यास पुष्कळदा अधिक जागा मोकळी होते. विंडोजचे दुरुस्ती पार्टिशन अनेकदा डिस्कच्या शेवटी असते, हेही कापण्यापूर्वी पाहावे.

बिघाड झाल्यास

पडद्यावर काय दिसते त्यावरून साखळीतील तुटलेली कडी ओळखता येते. बूट करण्याजोगी डिस्कच सापडत नाही असा संदेश आल्यास पहिला सेक्टर, डिस्कची जोडणी किंवा यूईएफआयचे सेटिंग तपासावे. ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द दिसल्यास बूटलोडरचा पहिला भाग चालला असून त्याला आपल्या उर्वरित फाइली सापडत नाहीत. सीडीवरून सुरू करून ग्रब पुन्हा बसवावा. लिनक्स अर्ध्यावर येऊन आपत्कालीन अवस्थेत थांबल्यास बहुधा एफएसटॅबमधील क्रमांक चुकलेला असतो. विंडोजचा निळा पडदा बूट डिस्क हाती लागत नसल्याचे सांगत असेल तर नवी डिस्क वेगळ्या प्रकारच्या कंट्रोलरला जोडली गेली असण्याचा संभव असतो.

सर्वांत घाबरवणारा संदेश म्हणजे फाइल सिस्टीम तिच्या पार्टिशनपेक्षा मोठी असल्याचा. सामान आवरण्याआधीच भिंत सरकवली गेली, असा त्याचा अर्थ. अशा वेळी दुरुस्तीचा प्रोग्राम चालवण्याची घाई करू नये. तो भिंतीपलीकडचा भाग हरवला असे समजून उरलेल्यात फेरफार करू लागतो. पार्टिशनची हद्द बदलली म्हणजे तक्त्यातील थोडे बाइटच बदललेले असतात. पलीकडची माहिती, तीवर दुसरे काही लिहिले नसेल तर, जागच्या जागी असते. कागदावर लिहून ठेवलेला जुना शेवट पुन्हा भरला की बहुधा सर्व काही पूर्ववत दिसते. तिसऱ्या पायरीतील कागदाचे मोल येथे कळते. डिस्कच कापली गेली असेल, तर मात्र दुसऱ्या पायरीतील प्रतीवाचून उपाय नाही.

प्रयोगशाळेसाठी शिस्त

लहान केलेला संगणक एकदा सुरू झाला म्हणून काम संपले असे मानू नये. तो दोनदा पूर्ण बंद करून सुरू करावा, फाइल सिस्टीमची तपासणी करावी आणि अभ्यासक्रमातील एक प्रात्यक्षिक आरंभापासून अखेरपर्यंत करून पाहावे. मूळ मोठी प्रत निदान एक सत्र तरी पुसू नये. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हे काम हाती घेऊच नये. सुट्टीचा काळ त्यासाठी योग्य.

याहून महत्त्वाचे म्हणजे लहान करण्याची वेळच येऊ न देणे. कार्यप्रणालीची डिस्क लहान ठेवावी आणि विद्यार्थ्यांच्या कामासाठी दुसरी स्वतंत्र डिस्क जोडावी. कामाची डिस्क फुगली तरी तिचा बूटशी संबंध नसतो. ती नव्याने बनवून फाइली हलवणे पुरते.

समारोप

आभासी डिस्क मोठी करणे सोपे आहे, लहान करणे अवघड. म्हणून सुरुवातच लहान आकाराने करावी आणि गरज पडेल तशी वाढ करावी. तरीही लहान करण्याची वेळ आलीच, तर प्रथम स्वतःला विचारावे की लहान काय करायचे आहे : फाइल की डिस्क? पुष्कळदा उत्तर ‘फाइल’ असते आणि तेथे बूटला धक्काही लागत नाही. उत्तर ‘डिस्क’ असेल तर क्रम सोडू नये. आधी सामान, मग भिंत, शेवटी जागा. आणि या सर्वांच्या आधी तपासलेली प्रत. ज्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक नाही, त्याचा सारा सराव प्रयोगशाळेतील त्या एका फाइलवर अवलंबून असतो. ती फाइल सांभाळणे हा शिक्षकाच्या अध्यापनाचाच भाग होय.